मधुमेह आणि वैद्यकाचे पुनर्शिक्षण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. आणखी १३ कोटी ६० लाख लोक या व्याधीच्या उंबरठ्यावर आहेत. एवढा भार मूठभर तज्ज्ञांना पेलणारा नाही. तो गावच्या डॉक्टरवर, परिचारिकेवर आणि आशा सेविकेवरच पडणार. मग प्रश्न उरतो त्यांच्या ज्ञानाचा. पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्याच्या पाठ्यपुस्तकात आजची कित्येक औषधे नव्हती.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांकांचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु श्रेयांक मिळतात ते मुख्यतः उपस्थितीचे. नव्या, महागड्या औषधांवरील व्याख्यान ऐकले की गुण पदरी पडतात. रुग्णाच्या तळपायाकडे कोणी पाहिले की नाही, हे कोण विचारतो?

तळपायाची संवेदना तपासण्यास नायलॉनचा एक तंतू आणि काही मिनिटे पुरतात. ही तपासणी चुकली, तर न दुखणारी जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. त्याबरोबर घरातील मिळकत जाते, डोक्यावर कर्ज येते. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो रुग्णाचे कुटुंबच सोसते.

म्हणून हे शिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रात, परिचारिका व आशा सेविकांना सोबत घेऊन व्हावे. आणि त्याचे मोजमाप किती रुग्णांचे पाय, डोळे व रक्तशर्करा वेळेवर तपासली गेली, यावरून व्हावे. शिक्षणाची खरी परीक्षा हजेरीपटावर नव्हे, रुग्णाच्या प्रकृतीत होत असते.