दम उतरला, तरी घरी नेण्याची घाई नको

“आजींचा दम कमी झालाय, आता घरी न्यायला काय हरकत?” गेल्या पावसाळ्यात वॉर्डच्या दारात हा प्रश्न आम्हीच विचारला होता. नात्यातल्या या आजींना रात्री श्वास लागून भरती केले होते. डॉक्टरांनी सांगितले, हार्ट फेल्युअर. नाव ऐकूनच घरात रडारड झाली. वाचकहो, हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ नाही. हृदयाचा पंप कमजोर पडतो, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत, पायांत पाणी साचते.

ऑक्सिजन आणि शिरेतून फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन दिल्यावर लघवी भरपूर झाली. दुसऱ्या दिवशी आजी चहा मागू लागल्या. आमची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी रक्तातले क्रिएटिनिन वाढले. “इंजेक्शनांनी किडनी घालवली,” असे भेटायला आलेले लोक म्हणू लागले, आणि आम्हालाही ते पटू लागले होते. डॉक्टरांनी समजावले ते असे: कमजोर हृदयामुळे किडनीला रक्त कमी पोचते, शिवाय शिरांत तुंबलेल्या रक्ताचा तिच्यावर दाब येतो. म्हणजे बऱ्याचदा किडनी बिघडवतो तो आजारच. सूज आणि दम उतरत असताना क्रिएटिनिन थोडे वाढले, तर लगेच औषध थांबवत नाहीत. लघवी कमी होऊन ते वाढत गेले, तर मात्र धोका. म्हणून लघवी मोजून लिहायची असते. आमच्यातल्या एकीने ती न मोजताच ओतून टाकली. नर्सबाई रागावल्या, ते बरोबरच होते.

लघवीवाटे पोटॅशियमही जाते. ते फार कमी झाले, किंवा किडनी बिघडून फार वाढले, तर ठोके अनियमित होतात. रोज रक्त काढतात ते याचसाठी. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. पोटावर टोचतात ते इंजेक्शन बहुधा तिला रोखण्यासाठी असते. एकच पाय अचानक सुजला, ताप आला, कफ वाढला, तर राउंडची वाट न बघता सांगावे.

चौथ्या रात्री आजी असंबद्ध बोलू लागल्या. कुणीतरी उतारा करायचे सुचवले. आपल्या माणसांच्या तोंडी हे ऐकून वाईट वाटले. नर्सबाईंना उठवले, तपासणीत सोडियम उतरलेले निघाले. सकाळपर्यंत थांबलो असतो तर?

पैशांची ओढ असते, म्हणून माणूस लवकर घरी न्यावासा वाटतो. पण अंगात पाणी शिल्लक असताना नेले, तर पुन्हा भरती व्हायची शक्यता वाढते. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी भेटावे. आम्ही पाचव्या दिवशी भेटलो.

आजी आठव्या दिवशी घरी आल्या. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दाखवायला सांगितले होते. सुकट, बोंबील, पापड, लोणचे बंद. गुडघेदुखीसाठी त्या मेडिकलमधून परस्पर आणत त्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्याही बंद, कारण त्या अंगात पाणी धरतात आणि किडनीला त्रास देतात. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी, त्या वजनकाट्यावर उभ्या राहतात आणि नातू आकडा कॅलेंडरवर लिहितो. तीन दिवसांत 2 किलो वाढले की डॉक्टरांना फोन करायचा, हे त्यालाही पाठ झाले आहे.