तिरप्या अक्षरांचा मोह

अलिबागहून रेवदंडामार्गे मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटननिवासांच्या पाट्यांची दाटी झाली आहे. त्यांतील कित्येक पाट्यांवर इंग्रजी नाव जाड, तिरप्या, टोकांना पाय फुटलेल्या रोमन अक्षरांत डौलाने मिरवत असते. खाली तेच नाव मराठीत असते, पण वाऱ्याने कलल्यासारखे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने राज्यातील सर्व दुकाने व आस्थापनांना मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षराहून लहान असू नये, असेही बजावले. माप कायद्याने ठरविले. रूपाविषयी तो काही बोलत नाही आणि त्याने बोलावे, अशी अपेक्षाही नाही. परंतु मापाची अट पाळूनही नाव धड वाचता येत नसेल, तर सक्तीचा हेतू कितपत साधला?

रोमन लिपीतील तिरप्या अक्षराला स्वतःची वंशावळ आहे. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य तशा अक्षरांत छापले. ती अक्षरे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरली होती आणि त्यांमागे तत्कालीन विद्वानांचे धावते हस्ताक्षर होते. म्हणजे तिरपे अक्षर हे उभ्या अक्षराला ढकलून निर्माण झाले नाही. तो एक निराळाच हात होता. जाडपणा आला तो पुष्कळ नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनच्या लॉटरीच्या जाहिरातींतून. भिंतीवरच्या गर्दीत साधे अक्षर हरवू लागले, तेव्हा ओतारींनी त्याला फुगविले. हे दोन्ही गुण एकत्र आले की अक्षर लांबून हाक मारते. परंतु त्याच्या पोटातील मोकळी जागा शाई गिळून टाकते. म्हणून दोन-चार शब्दांच्या मथळ्याला ते शोभते आणि परिच्छेदभर वापरले की डोळ्यांना शीण आणते.

देवनागरीची घडण वेगळी आहे. बोरूची कत रोमन लेखणीच्या उलट बाजूस छाटलेली असते, त्यामुळे जाड-बारीक रेषांची वाटणीच बदलते. शिवाय शिरोरेषा आहे. संगणकाने असे अक्षर यांत्रिकपणे तिरपे केले की शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र कलतो. वरची मात्रा उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराची वाटू लागते आणि खालचा उकार डावीकडे घसरतो. मराठीत धावत्या हाताचा शोध घ्यायचा तर तो बाळबोधीत नव्हे, मोडीत घ्यावा लागेल. ज्या किनाऱ्यावर आंग्ऱ्यांचा कारभार मोडीत चालला, तेथे कललेल्या बाळबोधीने ‘ऐट’ आणू पाहावी, हा मोठाच विनोद म्हटला पाहिजे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा मोह परवडण्यासारखा नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या कोरणीने त्याच्या टाइपांना कीर्ती मिळाली. जोडाक्षरे आणि मात्रा धरून देवनागरीचा एक संच शेकडो खिळ्यांचा होई आणि तितके भांडवल शिशात अडकून पडे. जिल्ह्याच्या गावातील छापखानेवाला तिरपा संच कशाला घेणार? जोर द्यायचा तर तो जाड खिळा वापरी किंवा टाइपाचा आकार बदली. एरवी मराठीला जोर देण्यासाठी ‘च’ आहेच! संगणकाने तिरपेपणाचा सीमांत खर्च शून्यावर आणला, आणि जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर कोठे थांबावा हे कोणी ठरवीत नाही.

याचा अर्थ देवनागरी अक्षराला जाड किंवा तिरपे होण्याची बंदी आहे, असा नाही. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांची शीर्षके रेखाटली तेव्हा प्रत्येक नावाचा स्वभाव पाहून अक्षर घडविले. मच्छिमार होड्यांच्या नाळेवर नाव रंगविणारा पेंटरही, नाव तिरपे काढताना, लाकडाच्या वळणाप्रमाणे काना आणि वेलांटी नव्याने ओढतो; अक्षर ओढून ताणीत नाही. आक्षीच्या शिलालेखाचा काळ सामान्यतः शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, मानला जातो. त्याच्या वाचनाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण या किनाऱ्याची अक्षरओळख जुनी आहे, याबद्दल दुमत नसावे.

आज निमित्त सांगण्यासारखी अडचणही उरलेली नाही. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मोदक’ हा अतिशय स्थूल देवनागरी टाइप जोडाक्षरांसह मुळापासून रेखाटून विनामूल्य खुला केला आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला ‘यात्रा वन’ही तसाच मोफत मिळतो. दोन्ही मथळ्यांसाठीच आहेत. तरीही गावोगावच्या फ्लेक्सच्या दुकानांत संगणकाबरोबर आलेला टाइप कलवून दिला जातो, कारण गिऱ्हाईक मराठी नावाचा नमुना मागत नाही. दर चौरस फुटावर असतो. अक्षर निवडण्यात गेलेल्या वेळेचा आकार त्या बिलात कोठेच लावलेला नसतो.