क्रीडासंगणकासाठी प्रोसेसर व स्मृती यांची निवड : पानशेत-खडकवासला जलसाखळीच्या दृष्टान्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

खेळांसाठी संगणक जुळवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न द्रव्याच्या वाटणीचा असतो. हाती असलेल्या रकमेतून प्रोसेसरवर किती खर्च करावा आणि स्मृतीवर, म्हणजे व्यवहारात जिला रॅम म्हणतात तिच्यावर, किती करावा? विक्रेत्याच्या दरपत्रकात प्रोसेसरपुढे गिगाहर्ट्‌झचा आणि स्मृतीपुढे गिगाबाइटचा अंक ठळकपणे छापलेला असतो. ज्याचा अंक मोठा ती वस्तू उत्तम, असा समज त्यावरून सहज होतो. तो समज महाग पडतो; कारण असा संगणक अनेक वर्षे वापरावयाचा असतो आणि पुष्कळदा त्याच यंत्रावर प्रबंधाचे गणितही करावयाचे असते. प्रोसेसर व स्मृती या दोन स्वतंत्र वस्तू नसून एकाच पुरवठ्याची दोन टोके होत, आणि निवड त्या पुरवठ्याची करावयाची असते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. जलसाखळीचा दृष्टान्त

पानशेतचे नाव १२ जुलै १९६१ च्या धरणफुटीमुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. येथे मात्र त्या धरणाच्या नित्याच्या कार्याचाच विचार करावयाचा आहे. पुणे शहर व खालच्या अंगाचा कालवा यांना पाणी खडकवासल्यातून मिळते. त्या धरणाचा उपयुक्त साठा १.९७ अब्ज घनफूट एवढाच आहे. त्याच्या वरच्या अंगास टेमघर (३.७१), पानशेत (१०.६५) व वरसगाव (१२.८२) ही धरणे आहेत. चारही मिळून साठा सुमारे २९ अब्ज घनफूट होतो. म्हणजे ज्या धरणातून प्रत्यक्ष उपसा होतो त्याचा वाटा अवघा सात टक्के आहे. तरीही केवळ त्यामुळे शहराला तुटवडा भासतोच असे नाही. कारण खडकवासला रिते होण्यापूर्वीच पानशेत-वरसगावचे दरवाजे उघडून पाणी खाली आणलेले असते. दरवाजे उघडण्यास विलंब झाला तर पानशेत काठोकाठ भरलेले असूनही नळ कोरडा राहील.

संगणकातील रचना अशीच आहे. प्रोसेसरच्या आतच थोडीशी अतिशीघ्र स्मृती असते. तिला कॅश म्हणतात. प्रोसेसर आपली सामग्री प्रत्यक्षात तिच्यातूनच उचलतो. रॅम हे पानशेतप्रमाणे मोठे, परंतु दूरचे जलाशय होय. कॅशमध्ये हवी ती सामग्री नसेल, तर ती रॅममधून येईपर्यंत प्रोसेसरला बहुधा थांबावे लागते.

दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. वापरलेले पाणी पुन्हा मिळत नाही. संगणकात सामग्रीची केवळ प्रत खाली येते, व मूळ जागच्या जागी राहते. शिवाय शहराची मागणी बरीचशी आधी सांगता येते. संगणकीय खेळाची मागणी क्षणोक्षणी बदलते. निवडीचा सर्व प्रश्न या दुसऱ्या भेदातूनच उद्भवतो.

३. कालाचा हिशेब

पाच गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे एक आवर्तन ०.२ नॅनोसेकंदाचे असते. सर्वांत जवळची कॅश चार-पाच आवर्तनांत उत्तर देते. तिसऱ्या पातळीच्या कॅशला सुमारे पन्नास आवर्तने लागतात. रॅमपर्यंतच्या फेरीला मात्र सामान्यतः ७० ते ८० नॅनोसेकंद, म्हणजे ३५० ते ४०० आवर्तने खर्ची पडतात.

पूर्वी हे अंतर असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या टिफ्रॅक या संगणकाची फेराइट कड्यांची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा, अशी होती. आजच्या मापाने ती १०,२४० बाइट, म्हणजे सध्याच्या प्रोसेसरच्या एका गाभ्याजवळील पहिल्या कॅशच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरते. पुढील दशकांत प्रोसेसरचा वेग ज्या प्रमाणात वाढला त्या प्रमाणात स्मृतीची तत्परता वाढली नाही. कॅशची उतरंड ही या विषमतेवरील तोड आहे.

आता खेळाचा विचार करू. सेकंदास ६० चित्रे हवी असल्यास प्रत्येक चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असल्यास केवळ ६.९. तेवढ्या वेळात शेकडो पात्रांची स्थाने, टकरी व हालचाली ठरवावयाच्या असतात. ही सामग्री स्मृतीत विखुरलेली असते व एका नोंदीतून पुढच्या नोंदीचा पत्ता मिळतो. त्यामुळे ती आगाऊ मागवून ठेवणे कठीण जाते. सारणीगणित किंवा चित्रफितीचे रूपांतर यांत सामग्री सलग येते. तेथे प्रवाहाचा वेग व गाभ्यांची संख्या निर्णायक ठरते. खेळात विलंब निर्णायक ठरतो.

याचे स्पष्ट प्रमाण एका प्रोसेसर-द्वयात सापडते. एएमडी कंपनीचा रायझेन ७ ५८००एक्स (२०२०) व त्याच घडणीचा ५८००एक्स३डी (२०२२), दोन्ही आठ गाभ्यांचे. दुसऱ्याचा कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्‌झवर उतरला, पण तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइट झाली. बहुतेक खेळांत दुसरा सरस ठरला. कॅशचा लाभ न घेणाऱ्या इतर पुष्कळ कामांत किंचित मागे राहिला. जणू खडकवासल्याचीच उंची वाढविली. पानशेतकडे जाण्याची वेळ कमी आली.

४. स्मृतीचे तीन गुण

पहिला गुण आकारमान. रॅम अपुरी पडली की सामग्री साठवण-तबकडीवरून आणावी लागते, व ती शीघ्र प्रकारची असली तरी विलंब शेकडो ते हजार पटींनी वाढतो. आजच्या खेळांना १६ गिगाबाइट ही खालची मर्यादा व ३२ ही समाधानकारक मात्रा समजावी. त्यापुढील वाढ खेळास वेग देत नाही. जे धरण कधी रिते होत नाही त्याची उंची वाढविण्यासारखे ते आहे.

दुसरा गुण प्रवाह. डीडीआर५-६००० जातीची एक पट्टी सेकंदास ४८ गिगाबाइट देऊ शकते. दोन पट्ट्या दोन मार्गांत बसविल्यास ९६. म्हणून ३२ गिगाबाइटची एकच पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घेणे श्रेयस्कर. चार पट्ट्या बसविल्यास मात्र वेग बहुधा उतरवावा लागतो.

तिसरा गुण विलंब. पट्टीवरील सीएल या अंकास २,००० ने गुणून वेगाच्या अंकाने भागल्यास पट्टीचा स्वतःचा विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४-३२००, सीएल १६ व डीडीआर५-६०००, सीएल ३० या दोहोंचे उत्तर १० येते. डीडीआर५-६०००, सीएल ४० चे १३.३. वेगाचा अंक जवळजवळ दुप्पट होऊनही विलंब तेवढाच राहू शकतो. तसेच छापलेला वेग आपोआप मिळत नाही. एक्सएमपी किंवा एक्सपो ही मांडणी मदरबोर्डच्या प्रारंभिक व्यवस्थेत चालू करावी लागते.

५. निवडीचा क्रम

प्रथम मर्यादा कोठे आहे ते पाहावे. चित्राची सूक्ष्मता कमी करूनही चित्रसंख्या वाढली नाही, तर अडसर प्रोसेसर-स्मृतीच्या बाजूस आहे. वाढली, तर तो ग्राफिक्स कार्डात आहे व अन्यत्र केलेला खर्च वाया जाईल. त्यानंतर मोठ्या कॅशचा सहा ते आठ गाभ्यांचा प्रोसेसर, पुरेशा आकारमानाच्या दोन पट्ट्या, व शेवटी कमी विलंब, या क्रमाने जावे. प्रबंधाचे गणित सलग स्वरूपाचे असेल तर अधिक गाभे व अधिक प्रवाह यांकडे झुकते माप द्यावे. प्रोसेसर व मदरबोर्ड कोणत्या जातीची स्मृती स्वीकारतात हे आधी तपासणे अगत्याचे आहे. एएमडीच्या एएम५ बैठकीत केवळ डीडीआर५ चालते.

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे उत्पादन वळल्याने स्मृतीचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात अनावश्यक गिगाबाइटांवर घातलेला पैसा हा कॅशमधून काढून घेतलेला पैसा ठरतो. धरणांचे महत्त्व केवळ साठ्यावरून ठरत नाही, पाणी वेळेवर नळाशी पोहोचते की नाही यावरून ठरते. संगणकाची परीक्षाही याच कसोटीवर करणे उचित होय.