बुद्धिमत्ता नावाचा विषय

चौकोनी कागद मधोमध दुमडला. मग आडवा दुमडला. चौपदरी झालेल्या घडीच्या एका कोपऱ्यात पंच मशीनने भोक पाडलं. आता कागद उलगडला तर भोकं किती आणि कुठे कुठे दिसतील? मोठी माणसंही क्षणभर अडखळतात. जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मात्र पाचवीतल्या मुलाने चार आकृत्यांमधून बरोबर आकृती ओळखून उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ रंगवायचं असतं, सरासरी दीड मिनिटात.

ज्या मुलाने हा प्रश्न पहिल्यांदाच पाहिला, ते मनातल्या मनात कागद उलगडतं. ज्याने असे दोनशे प्रश्न सोडवलेत त्याला काहीच उलगडावं लागत नाही. दोन घड्या म्हणजे चार भोकं आणि घडीच्या रेषेपलीकडे आरशातलं प्रतिबिंब, हे त्याला पाठ असतं. दोघांचं उत्तर बरोबर, दोघांना सव्वा गुण. पहिल्याने विचार केला आणि दुसऱ्याने आठवलं, हे गुणपत्रिकेत कुठेच उमटत नाही. ‘मुलाला क्लास लावायचा का?’ या घरोघरच्या प्रश्नाची खरी मेख इथे आहे.

नवोदय विद्यालयांची कल्पना खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निघाली. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक म्हणून दोनच शाळा सुरू झाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. पुढे १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या शाळांना जागा मिळाली आणि त्या देशभर पसरल्या. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं घेतली जातात. त्यांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे: वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. यांत अक्षरओळखीची फारशी गरज नाही. घरात पुस्तकं नसलेलं, आईवडिलांची शाळा चौथीतच सुटली आहे असं पोरही शहरी मुलाच्या बरोबरीने उतरू शकेल, हा त्यामागचा हिशेब. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. यंदा हुकलं की हुकलंच.

हा हिशेब कागदावर चोख आहे. व्यवहारात आकृत्यांची गाईडं निघाली, सराव प्रश्नसंच निघाले, तालुक्याच्या गावी निवासी वर्ग निघाले. महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. इथे शिष्यवृत्ती परीक्षेत गणित आणि भाषेच्या जोडीला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ वर्षानुवर्षं आहे, आणि तिचा तास असतो, वही असते, गृहपाठ असतो. जी गोष्ट न शिकवता किती आहे ते मोजायचं, तिलाच आपण वेळापत्रकात बसवून टाकलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले कित्येक शिक्षक शाळा सुटल्यावर एक पैसाही न घेता जादा तास घेऊन हा विषय शिकवतात, हेही सांगायला हवं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेजारच्या गावातलं मूल तयारी करून येणार हे त्यांना ठाऊक असतं.

न्यूयॉर्क शहराने हा सगळा खेळ चार वर्षांच्या मुलांवर करून पाहिला. तिथल्या सरकारी शाळांमध्ये अतिहुशार मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. पूर्वी प्रवेशाची पद्धत जागोजागी वेगळी होती आणि तिच्यात ओळखीपाळखीला वाव होता. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने २००८च्या प्रवेशांपासून शहरभर एकच चाचणी आणली. बालवर्गासाठी ९० पर्सेंटाइलच्या वर गेलेलं मूल आपल्या भागातल्या वर्गासाठी पात्र, ९७च्या वरचं मूल शहरातल्या मोजक्या खास शाळांसाठी. मुलांना लिहिता येत नसे, म्हणून ती चित्रावर बोट ठेवत आणि परीक्षक त्यांच्या वतीने गोल रंगवत. काही प्रश्न एकदाच वाचून दाखवले जात. तेव्हा शिकवणीवाल्यांनी पहिल्यांदा काय शिकवलं, तर खुर्चीत चुळबुळ न करता पहिल्याच वाचनात ऐकणं!

बघता बघता पात्र मुलं इतकी वाढली की ९९ पर्सेंटाइलवाल्यांनाही खास शाळांत जागा पुरेनात. श्रीमंत वस्त्यांमध्ये पात्र मुलांची गर्दी, तर ब्राँक्ससारख्या गरीब भागात काही ठिकाणी वर्ग सुरू करण्याइतकीही मुलं मिळेनात. शहराने २०१३मध्ये चाचणीचा एक भाग बदलून शब्दांविना, नुसत्या आकृत्यांची नागलिएरी चाचणी आणली. शब्द नाहीत म्हणजे घोकंपट्टी नाही, असा होरा होता. मग निळ्या-पिवळ्या आकृत्यांच्या सरावपुस्तिका बाजारात आल्या. त्याच वर्षी शहरातल्या खाजगी शाळांच्या संघटनेने आपल्या सदस्य शाळांना लहान मुलांची सामायिक चाचणी सोडून द्यायचा सल्ला दिला, कारण तीही शिकवणीने नासली होती. शेवटी जानेवारी २०२१मध्ये शिक्षण मंडळाने चाचणीचा करार वाढवायला नकार दिला. तेव्हापासून बालवाडीच्या शिक्षकांची शिफारस आणि मग सोडत, अशी पद्धत आहे.

पर्सेंटाइल ही तुलना असते. आधी हजारो मुलांना, त्यांची काही तयारी करून न घेता, तीच चाचणी देऊन मापं ठरवलेली असतात. अशा चाचणीची तयारी करून घेणं म्हणजे भिंतीशी उंची मोजताना टाचा उचलणं. एकाने टाचा उचलल्या तर तो पुढे जातो. सगळ्यांनी उचलल्या तर क्रम होता तोच राहतो, फक्त पाय सगळ्यांचे दुखतात आणि जमिनीवर नीट उभा असलेला तेवढा बुटका ठरतो.

टाचा किती उचलल्या जातात, याचाही अंदाज आहे. जॉन हॉसनेक्ट आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये सुमारे ५० अभ्यास एकत्र तपासले. बौद्धिक क्षमतेची चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण सरासरी पाव प्रमाण विचलनाने वाढतात, असं त्यांना दिसलं. बुद्ध्यंकाच्या भाषेत साधारण चार गुण. हे अभ्यास मुख्यतः मोठ्यांचे, तरी दिशा समजते. चार गुणांनी कोणी प्रज्ञावंत होत नाही. पण प्रवेशाच्या रेषेपाशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या मुलांमध्ये चार गुण म्हणजे आत किंवा बाहेर.

मग त्या चार गुणांसाठी काय आणि किती करायचं? नवोदयच्या पेपरचे इथे दोन तुकडे पाडलेले बरे. अंकगणित आणि भाषा यांची तयारी वाया जात नाही. लसावि, अपूर्णांक, सरळव्याज, उतारा वाचून उत्तरं देणं, हे निवड झाली नाही तरी सहावीत उपयोगी पडतंच. आकृत्यांचं तसं नाही. पंच मारलेल्या कागदाचं सूत्र परीक्षेनंतर कुठेच लागत नाही. तिथे ओळख हवी, रतीब नको. प्रत्येक प्रकारचे पाच-दहा प्रश्न, वेळ लावून सोडवलेले दोन-तीन जुने पेपर, वर्तुळ कसं रंगवायचं याचा सराव, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत ही माहिती. एवढं न देता मुलाला पाठवणं हा तत्त्वनिष्ठपणा नव्हे, हयगय आहे. आणि हीच ओळख घोटून घेण्यासाठी पाचवीतल्या मुलाला सुट्टीभर निवासी वर्गात टाकणं हा उतावीळपणा. कागदाचा प्रश्न तर घरी खरा कागद दुमडून, खरं भोक पाडून सोडवावा. मूल पहिल्यांदा चुकतं, कागद उलगडल्यावर हसतं, आणि पुढच्या वेळी कात्री स्वतःकडे ओढतं.

अर्थात हे घरी करायला सवड असलेले आईबाप हवेत, आणि अन्याय तिथूनच सुरू होतो. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीने त्यावर एक उपाय केला. तिथे पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवलं तरच हुशार मुलांच्या वर्गासाठी मुलाची चाचणी व्हायची, आणि ऐपत असलेले पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून ती करून आणायचे. २००५मध्ये दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची शाळेतच प्राथमिक चाचणी सुरू झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: पात्रतेच्या अटी सैल न करताही हुशार मुलांच्या वर्गात जाणारी हिस्पॅनिक मुलं १३० टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय मुलं ८० टक्क्यांनी वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती. कोणी विचारलं नव्हतं. पुढे पैशांच्या चणचणीत ही सोय आटली आणि आकडे पुन्हा पहिल्या वळणावर गेले.

नवोदयची निवड यादी लागल्यावर तयारीचा वेगळाच अध्याय उघडतो, आणि त्याची आठवण वर्षभर फारशी कोणाला झालेली नसते. सहावी ते बारावी वसतिगृह. आईवडिलांची भेट ठरलेल्या दिवशी. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात पाठवतात, म्हणजे मराठी मूल हिंदी मुलखात. प्रवेशाच्या दिवशी पेटीवर नाव रंगवलेलं असतं, बादली, मग, साबण, दोन चादरी, सगळं यादी करून घेतलेलं असतं. मुलाला सोडून एसटीने घरी परतताना आईला आठवतं, याला ओला टॉवेल पिळायला आपण कधी शिकवलंच नाही.