जखम भरते आहे, की नुसती बरी दिसते आहे?

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला जखम झाली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "परवापेक्षा बरीच कमी आहे." दुसरा म्हणतो, "मला तर तेवढीच दिसते." दोघेही मनापासून बोलत असतात. पण डोळ्यांना लक्षात राहतो तो जखमेचा रंग, ओल आणि वास. आकार लक्षात राहत नाही. पू थांबला, जखम लालचुटूक झाली, वास गेला, की ती लहानही झाली असेच आपण धरून चालतो. त्यातच मधुमेहाने पायाच्या संवेदना बोथट झालेल्या असतात. त्यामुळे दुखत नाही म्हणजे भरते आहे, हा हिशेबही येथे चालत नाही.

मग कशावर विश्वास ठेवावा? मोजमापावर. अमेरिकेतील डॉ. पीटर शीहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या २०३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ किती टक्क्यांनी घटले, एवढेच त्यांनी पाहिले. ज्यांची जखम साधारण निम्म्याहून जास्त घटली होती (नेमका आकडा ५३ टक्के), त्यांच्यापैकी ५८ टक्के रुग्णांची जखम बारा आठवड्यांत पूर्ण भरली. ज्यांची तेवढी घटली नाही, त्यांच्यापैकी फक्त ९ टक्क्यांची भरली. हा फरक किरकोळ नाही. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर तेच मलम आणि तीच पट्टी पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. कुठेतरी पाणी मुरते आहे हे समजून कारण शोधावे लागते. आणि हे कारण वेळेवर सापडणे किंवा न सापडणे यावर पुष्कळदा बोट राहते की जाते, हे ठरते.

पूर्वी आम्ही जुनी एक्स-रे फिल्म धुऊन पारदर्शक करायचो, ती स्वच्छ करून जखमेवर धरायचो, पेनने कड गिरवायचो आणि खाली ग्राफचा कागद ठेवून चौकोन मोजायचो. पद्धत चांगली होती, पण वेळखाऊ. आता प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि रुग्णाची सून किंवा नातू रोजच्या रोज जखमेचे फोटो घेऊन येतात. अडचण अशी की त्यातले बहुतेक फोटो मोजण्याच्या कामाचे नसतात.

असे का, ते समजून घेऊ. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. संगणकाच्या भाषेत या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. जखम दोनशे ठिपके रुंद आहे, एवढेच फोटोला ठाऊक असते. ते दोनशे ठिपके म्हणजे दोन सेंटीमीटर की चार, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. तीच जखम निम्म्या अंतरावरून टिपली तर फोटोत दुप्पट रुंद आणि दुप्पट लांब दिसते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट! काल जवळून आणि आज लांबून फोटो काढला, की जखम एका रात्रीत 'भरते'.

सोनोग्राफीत हीच गोष्ट निराळ्या रीतीने होते. शरीरातल्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असे धरून, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. म्हणजे त्याची मोजपट्टी त्याच्याजवळच असते. तपासणारे डॉक्टर पडद्यावर दोन खुणा ठेवतात आणि यंत्र मधले अंतर छापते. खुणा मात्र माणसाचा हात ठेवतो. म्हणून सोनोग्राफीत ७ मिलिमीटरचा आलेला मुतखडा सीटी स्कॅनमध्ये ५ चा आला, तर कोणी फसवले असे समजू नये. लहान खडे सोनोग्राफीत थोडे मोठेच दिसतात. सीटी स्कॅनच्या सीडीत प्रत्येक ठिपका किती मिलिमीटरचा, हे फाईलमध्येच लिहिलेले असते. पण त्या फिल्मचा मोबाईलवर फोटो काढला की ही माहिती गळून पडते. तेव्हा सीडी जपून ठेवावी, फोटोवर भागवू नये.

आता आपल्या जखमेकडे वळू. मोबाईलच्या फोटोला मोजपट्टी आपणच द्यायची आहे. शाळेच्या ग्राफ पेपरची पाच सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी. फूटपट्टीशी एकदा ताडून पाहावी, कारण झेरॉक्स केलेल्या कागदावरचे सेंटीमीटर पुष्कळदा आखूड झालेले असतात. पट्टीवर शाईने तारीख लिहावी आणि 'डावा' किंवा 'उजवा' हेही लिहावे. हे मुद्दाम सांगतो, कारण काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा येतो. मग पाय कोणता, यावरच वाद होतो. पट्टी जखमेच्या शेजारी, त्याच पातळीवर, चांगल्या कातडीवर ठेवावी. जखमेला लागू देऊ नये आणि एकदा वापरली की टाकून द्यावी.

'त्याच पातळीवर' हे शब्द वाचकांनी नीट लक्षात घ्यावेत. पाय उशीवर आणि पट्टी खाली चादरीवर, असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. समजा फोन जखमेपासून ३० सेंटीमीटरवर आहे आणि पट्टी जखमेच्या ५ सेंटीमीटर खाली आहे. पट्टी लांब असल्याने लहान दिसते, आणि तिच्याशी तुलना केली की जखमेचे क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा ३६ टक्के जास्त भरते. फोन तिरका धरला तर उलटे होते. ३० अंशांच्या कलाने एका बाजूचे माप सुमारे १३ टक्क्यांनी आखडते. म्हणून फोन जखमेच्या बरोबर समोर, जखमेला समांतर धरावा. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर ओली जखम चकाकते आणि कड दिसत नाही. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो सर्वांत चांगला.

फोटो मोजण्यासाठी पैसे घालून काही विकत घ्यावे लागत नाही. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी प्रतिमा मोजण्याचा एक कार्यक्रम तयार केला. त्यातून पुढे १९९७ मध्ये कोणत्याही संगणकावर चालणारा 'इमेज-जे' आला. जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी मोजायला तो वापरतात आणि तो विनामूल्य मिळतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दहा मिनिटांत जमेल असे हे काम आहे.

फोटो उघडायचा. सरळ रेघेचे साधन घेऊन ग्राफच्या पट्टीवर पाच सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत रेघ ओढायची. मग 'ॲनालाइझ' या यादीतले 'सेट स्केल' उघडून 'ही रेघ म्हणजे ५ सेंटीमीटर' असे लिहायचे. एवढे केले की ठिपक्यांना माप मिळाले. रेघ लांब ओढावी, एका सेंटीमीटरवर भागवू नये. रेघ धरण्यात दहा टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळात ती एकवीस टक्के होते, कारण क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही येतात. नंतर बहुकोनाच्या किंवा मुक्तहस्त साधनाने जखमेची कड गिरवायची आणि 'मेजर' म्हणायचे. शेजारच्या तक्त्यात क्षेत्रफळ येते. त्याच ओळीत सरासरी वगैरे आणखी आकडे येतात, ते फोटोच्या उजेडाचे असतात. तिकडे पाहू नये.

येथे एक चकवा आहे. 'सेट स्केल'च्या चौकटीत 'ग्लोबल' नावाची एक खूण असते. ती केली की आज सांगितलेले माप पुढच्या सगळ्या फोटोंना लागू होते. ऐकायला सोयीचे वाटते, पण पुढच्या आठवड्याचा फोटो वेगळ्या अंतरावरून काढलेला असतो, त्यामुळे सगळा हिशेब बिघडतो. ती खूण करू नये. प्रत्येक फोटोला त्याच्याच पट्टीवरून माप द्यावे. असे केले तर व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो लहान झाला तरी बिघडत नाही, कारण जखमेबरोबर पट्टीही तितकीच लहान होते.

कड कोणती धरायची, यावरही थोडे बोलले पाहिजे. जखमेच्या काठाने आत सरकणारी फिकट गुलाबी, पातळ नवी कातडी भरलेली समजावी आणि तिच्या आतून रेघ न्यावी. प्रत्येक वेळी एकाच माणसाने गिरवावे, दोनदा गिरवून सरासरी घ्यावी. गिरवलेली रेघ 'आरओआय मॅनेजर'मध्ये वेगळी साठवून ठेवता येते. बाण, अक्षरे, खुणा करायच्या असतील तर त्या फोटोच्या प्रतीवर कराव्यात. मूळ फोटो कोरा ठेवावा. जखमेवर लाल वर्तुळ काढलेला फोटो दाखवला तर मला वर्तुळ दिसते, त्याखालची कातडी दिसत नाही.

फोटोची वेळही एकच हवी. आम्ही जखमेभोवतीचे घट्टे आणि मेलेली कातडी काढतो तेव्हा जखम मोठी दिसू लागते, आणि घरचे घाबरतात. ती वाढलेली नसते, झाकलेली असते ती उघडी होते. म्हणून पहिले माप पहिल्या सफाईनंतरचे धरावे आणि पुढची सगळी मापेही सफाईनंतरचीच घ्यावीत.

संगणक नसेल तर सर्वांत मोठी लांबी आणि तिला काटकोनात सर्वांत मोठी रुंदी मोजून गुणाकार केला तरी चालतो. लंबगोल जखमेत हा गुणाकार खऱ्या क्षेत्रफळापेक्षा सुमारे सव्वापट येतो, पण दर वेळी तसाच येत असल्याने तुलनेला उपयोगी पडतो. एकदा गुणाकार आणि एकदा गिरवणे, असे मिसळू नये.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी गृहस्थांच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम होती. सूनबाई दर रविवारी पट्टी ठेवून फोटो काढत. पहिले क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटीमीटर, दुसऱ्या आठवड्याअखेर ४.४, चौथ्याअखेर ३.७. जखम स्वच्छ, लाल, बिनवासाची. काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, निम्मी तर झालीच की." सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पावच झालीय." सूनबाईंचे बरोबर होते. घट जेमतेम २४ टक्के होती. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी करायला पाठवले. गुडघ्याखालची रोहिणी बरीच अरुंद झालेली निघाली. शिवाय चौकशीत कळले की काका रोज सकाळी त्याच पायाने शेताला फेरी मारून येत होते! रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली, पायावरचा भार काढणारे प्लास्टर घातले, शेतावरची फेरी मुलाकडे गेली. पुढच्या चार आठवड्यांत माप १.६ वर आले आणि त्यानंतर जखम मिटली. फोटो नुसते पाहत बसलो असतो तर आणखी दोन महिने मलमातच गेले असते.

मात्र फोटोला जे कळत नाही ते पुष्कळ आहे. खोली कळत नाही. कातडीखाली पसरलेली पोकळी कळत नाही. टाचेसारख्या गोलाईवर पसरलेली जखम फोटोत चपटी होऊन लहान भरते. रक्तातली साखर तर फोटोत येतच नाही. म्हणून जखमेभोवती लाली पसरू लागली, सूज चढली, दुर्गंधी आली, बोट काळे पडू लागले किंवा थंडी वाजून ताप आला, तर रविवारची वाट पाहू नये, फोटोही काढत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह्याच्या पायात एका रात्रीत फार काही बिघडू शकते.

फोटोत रुग्णाचा चेहरा येऊ देऊ नये आणि जखमेचे फोटो नातेवाइकांच्या गटावर फिरवू नयेत. तिथे मोजमाप कोणी करत नाही, हळद, मध आणि कोरफडीचे सल्ले मात्र भरपूर मिळतात. दवाखान्यात येताना चारही आठवड्यांचे कोरे फोटो, मापांचा कागद आणि साखरेचे ताजे रिपोर्ट आणावेत. आणि फोन चार्ज करून आणावा. माझ्या दवाखान्यात दुपारी वीज नसते.