यंत्र ओढ मोजते, बाकीचे आपल्याला मोजावे लागते

मी भिलाईहून बोलतोय. इथल्या भट्ट्यांना लोहखनिज दल्ली राजहऱ्याहून येते, चुनखडी नंदिनीहून. शुद्ध हेमॅटाइट पाण्याच्या पाचपट जड, चुनखडी साधारण पावणेतीनपट. जमिनीखाली जड दगड असला की तो वरच्या वस्तूला किंचित जास्त ओढतो. ही ओढ मोजून जमिनीखालचा अंदाज बांधायचा, यालाच गुरुत्व सर्वेक्षण म्हणतात.

मोजणारे यंत्र ग्रॅव्हिमीटर. नेहमीच्या प्रकारात आत एक नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेले छोटे वजन असते. ओढ वाढली की स्प्रिंग जरा जास्त ताणते. एकक आहे मिलिगॅल. पृथ्वीची एकूण ओढ सुमारे ९,८०,००० मिलिगॅल. आता गंमत पाहा. साध्या खडकात १० मीटर जाडीचा, दूरवर पसरलेला हेमॅटाइटचा थर असेल, तर तो या आकड्यात जेमतेम एक मिलिगॅलची भर घालतो!

मी तोफखान्यातला माणूस. तोफेची जागा आणि उंची चुकली की गोळा भलतीकडे जातो, हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच डोक्यात बसले. इथेही तेच आहे. एक मीटर वर चढलो की पृथ्वीचे केंद्र दूर जाते, ओढ ०.३ मिलिगॅलने घटते. उलट पायाखाली आलेला तो मीटरभर खडक ०.१ने वाढवतो. हिशेबात दोन्ही दुरुस्त्या घेतल्या, की मीटरमागे साधारण ०.२ मिलिगॅल उरतात. म्हणजे उंची ५ मीटरने जास्त धरली, तर नसलेला लोहखनिजाचा थर नकाशावर हजर!

भिलाईच्या अक्षांशावर एक किलोमीटर उत्तरेला गेलो तरी ओढ अर्ध्या मिलिगॅलने वाढते. शेजारचा डोंगर वरच्या बाजूला ओढतो, तोही हिशेबात धरायचा. स्प्रिंग दिवसभरात सैलावते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पहिल्या ठिकाणी परत येऊन पुन्हा वाचन घ्यायचे. कंटाळवाणे काम आहे, पण टाळले की सगळा दिवस वाया. या दुरुस्त्या झाल्यावर समान आकड्यांच्या ठिकाणांमधून रेषा काढतात आणि नकाशा तयार होतो.

पण नकाशा बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. हे मला कोयनेमुळे कळले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे मी आजोळी, कोयनानगरजवळ होतो. आठ वर्षांचा. आजीने हाताला धरून अंगणात ओढले, तेव्हा घराची मागची भिंत पडत होती. पुढे कोयना परिसराच्या गुरुत्व नकाशावर ओढ कमी असलेला पट्टा दिसला. १९७३ साली कृष्णब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ लावला, की बेसाल्टखाली खचदरी असावी. कल्पना अशी, की दरी हलक्या गाळाच्या खडकांनी भरलेली, म्हणून ओढ कमी.

तर्क चुकीचा नव्हता. पण बंद पोत्याचे वजन कमी भरले, तर आत भुसा आहे की पोते अर्धे रिकामे आहे, हे काटा सांगत नाही. उथळ जागी हलका खडक असो किंवा खूप खोलवर कवच जाड असो, वर आकडा सारखाच येऊ शकतो.

मग भोके पाडली गेली. रासाटीच्या भोकात सुमारे ९३२ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. गोठण्याचे भोक तीन किलोमीटर खोल. तिथे बेसाल्ट सुमारे १,२४७ मीटरवर संपला आणि खाली पुन्हा तोच जुना खडक. दरी भरणारा गाळ मिळाला नाही.

मामेभाऊ रासाटीजवळच राहतो. मागे तो विचारत होता, "दादा, आमच्या घराखाली नक्की आहे तरी काय?" मी म्हटले, "वर जवळजवळ एक किलोमीटर काळा कातळ, खाली ग्रॅनाइट." तो म्हणाला, "मग हलतंय काय?" त्याचे उत्तर त्या ग्रॅनाइटमधल्या भेगांमध्ये आहे. पुढच्या भागात त्यांच्याकडेच वळू.