वाहनाच्या आसाचा श्वास
पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांची एक दुर्लक्षित काळजी

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून पावसाळ्यात माल नेणे-आणणे हे सोपे काम नव्हे. भाताची रोपे, खताची पोती, दुधाच्या किटल्या हे सर्व वेळेवर पोहोचले पाहिजे. आणि वाटेत ओढा, वहाळ किंवा फरशी आल्यावाचून राहत नाही. अशा वाटांवर चारही चाकांना जोर मिळणारी जीप, पिकअप किंवा लहान ट्रक फार उपयोगी पडतो. परंतु पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेली गाडी निर्दोष राहिलीच, असे समजणे चुकीचे आहे. पुष्कळदा पाणी इंजिनात न शिरता आसाच्या पोटात शिरते आणि तेथे मुकाट्याने आपले काम करीत राहते. मागील चाकांकडून घरघर ऐकू येऊ लागते तेव्हा दसरा उलटून गेलेला असतो, आणि क्राउन व पिनियन हे मोलाचे दातेरी भाग गंजून झिजलेले असतात.

हे पाणी शिरते कसे?

दोन चाकांना जोडणाऱ्या पोकळ लोखंडी कवचाच्या मध्यभागी डिफरन्शियलची चक्रे असतात. कवचात काही भाग गियर तेल व उरलेल्या भागात हवा असते. दोन्ही टोकांना आणि पिनियनच्या दांड्यापाशी ऑइल सील असतात. गाडी चालू लागली की चक्रांच्या घर्षणाने तेल तापते व त्याबरोबर हवाही तापून फुगते. या फुगलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून कवचाच्या वरच्या बाजूस एक लहान छिद्र ठेवून त्यावर टोपण बसविलेले असते. यालाच ब्रीदर म्हणतात. माणसाला जसा श्वास, तसा आसाला हा ब्रीदर होय.

आता असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा : भरलेली गाडी घाट उतरून ओढ्यापाशी आली आहे. आसातील हवा समजा 80 अंश सेल्सियसपर्यंत तापली आहे. गाडी तशीच थंड पाण्यात उतरते आणि आतील हवा 30 अंशांपर्यंत निवते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. हिशेब केला तर आतील दाब सुमारे 14 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी ओढ आतून निर्माण होते. ऑइल सीलची ओठासारखी कड आतील तेल अडविण्यासाठी घडविलेली असते. बाहेरून येणारे पाणी अडविण्यास ती तितकी समर्थ नसते. कवचात दोन लिटर हवा असेल, तर अशा एकाच खेपेत सुमारे पाव लिटर पाणी आत ओढले जाऊ शकते.

काही टोपणे केवळ आतील हवा बाहेर सोडणारी असतात. बाहेरची हवा ती सहजी आत घेत नाहीत. ती स्वच्छ असली तरीही पाण्यात हा धोका राहतोच. उलट, जे टोपण हवा दोन्ही बाजूंनी जाऊ देते ते जर पाण्याखाली बुडाले, तर तेथूनच पाणी आत जाते. म्हणून केवळ ब्रीदर साफ असणे पुरेसे नाही. तो पाण्याच्या वर असणेही तितकेच अगत्याचे आहे.

बुजलेल्या ब्रीदरचा दुसरा तोटा कोरड्या रस्त्यावरही होतो. तापलेल्या हवेला वाट न मिळाल्याने दाब वाढतो व तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. हे तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले, तर घाटात ब्रेक लागत नाही. तेथे प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही; गाडीतील माणसांच्या जिवाचा होतो. काही ठिकाणी तुटलेल्या ब्रीदरच्या जागी साधा बोल्ट घट्ट बसवून ‘आता पाणी शिरणार नाही’ असे समाधान मानले जाते. ही चूक कोणीही करू नये. श्वास कोंडल्याने पाणी थांबत नाही. ते सीलमधून येते.

उपाय सोपा आहे

जुने टोपण काढून त्याच आट्यांची, नळी बसविता येईल अशी तोटी छिद्रात बसवावी आणि तिला तेलाने न विरघळणारी रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक उंच जागी न्यावे. पुढील आसाची नळी इंजिनाच्या झाकणाखाली वरच्या बाजूस, तर मागील आसाची हौद्याच्या वरच्या भागापर्यंत नेता येते. हे काम माहीतगार मिस्त्रीकडून करून घ्यावे व पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

1. छिद्राभोवतीची माती आधी पूर्ण पुसावी, म्हणजे ती आत पडणार नाही.
2. खड्ड्यांत आस वर-खाली होतो. म्हणून नळीला पुरेशी ढील ठेवावी, नाहीतर ती ताणून निसटेल.
3. नळी सायलेन्सरच्या नळापासून व फिरत्या दांड्यापासून दूर बांधावी. ती कोठे दबता कामा नये.
4. नळी सतत चढती असावी. मध्ये झोळ राहिला तर तेथे पाणी किंवा तेल साचून हवेची वाट अडते.
5. वरचे टोक खाली वळवून त्यास लहान गाळणी लावावी, म्हणजे धूळ व पावसाचे थेंब आत जाणार नाहीत.

गाडी नवी व हमीच्या मुदतीत असल्यास हा बदल करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारून घ्यावे.

पाण्यातून आल्यावर

खोल पाण्यातून गाडी काढली असेल, तर ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. सकाळी प्रथम तेल भरण्याचा वरचा नट सैल होतो याची खात्री करून घ्यावी. मग तळाचा नट किंचित सैल करून पहिले थेंब काचेच्या भांड्यात घ्यावेत. पाणी आले, किंवा तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर सर्व तेल काढून टाकावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच नवे तेल तेथे दिलेल्या पातळीपर्यंत भरावे. पांढुरके तेल वापरीत राहणे हा खोटा काटकसरीपणा होय. कारण पाणी मिसळलेले तेल दातांवर टिकत नाही आणि बेअरिंग गंजू लागतात.

ब्रीदर जागच्या जागी ठेवलेला असेल, तर तो पावसाळ्यापूर्वी व नंतर काढून डिझेलमध्ये धुवावा आणि हातपंपाच्या हवेने मोकळा करावा. गियरपेटीलाही बहुधा असेच छिद्र असते. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागील गियरपेटीवरही ते असते. चिखलणीचा हंगाम संपताच त्यावरील वाळलेला चिखल काढण्यास विसरू नये.

मर्यादा ओळखावी

नळी उंच केली म्हणजे कोणताही पूर ओलांडता येतो, असे नाही. वाहत्या पाण्याचा जोर गाडी उचलून नेतो. फरशीवरून पाणी वाहत असताना तळ दिसत नसेल तर थांबणेच शहाणपणाचे. ओळखीच्या, संथ उतारावरही आधी काठीने खोली पाहावी. तेवढ्या थांब्यात आसही थोडा निवतो, हा आणखी एक लाभ.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या बैठकीत एखादी गाडी उभी करून ब्रीदर कोठे असतो हे शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष दाखवावे. पुष्कळांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. आणि खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीची पूजा होते, त्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना आसावरचे ते लहानसे टोपणही साफ करावे. नळीच्या एका तुकड्याचा खर्च आणि मोडलेल्या क्राउन-पिनियनचा खर्च, यांत तुलनाच होऊ शकत नाही.